तेवीस सप्टेंबरचं पान

३ जानेवारी

*भर दुपारी गवताच्या पात्यावर एक दवबिंदू हसत होता. मी त्याला विचारले, तुला सुकण्याची भीती नाही वाटत? तो म्हणाला, मी का माणूस आहे!*

समासात, लाल शाईने: भर दुपारी दव? ‘पहाटे’ करू का?

त्याखाली, निळ्या शाईने: करा. भाव तोच.

‘भाव तोच’ हे दोन शब्द वाचून आंबटरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि कागदाकडे बघून एक शब्द उच्चारला. तो छापण्यासारखा नव्हता.

छापखान्यात सगळे त्यांना आंबटराव म्हणायचे. तोंडावर नाही, पण पाठ वळली की लगेच. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलेल्या माणसाला गोड म्हणवून घ्यायची हौस नसते. मुद्रितशोधकाची त्यांची खोली म्हणजे जिन्याखालची तिरकी जागा. उभं राहिलं की डोकं आपटायचं, म्हणून आंबटराव सहसा उभे राहत नसत.

त्यांनी कवीचं नाव दवबिंदू ठेवलं होतं. कवी मोठा. निसर्ग, दया आणि जीवन या तिन्हींवर त्याचा हात बसलेला. शाळेतली मुलं त्याला पाठ करत, लग्नपत्रिकेवर तो, कुणी गेलं तर स्मरणपत्रिकेवरही तो. आता मालकांच्या डोक्यातून निघालं होतं रोज एक पान फाडायचं कॅलेंडर, आणि प्रत्येक पानावर कवीचा एक विचार. नाव: ‘रोज एक दवबिंदू’. तीनशे पासष्ट.

प्रूफं कवीच्या घरी नेऊन द्यावी लागत, कारण कवी संगणकाच्या पडद्यावर वाचत नसे. पडद्यात म्हणे आत्मा नसतो. चार मजले चढून आंबटराव दारात पोचायचे तेव्हा त्यांच्यातही फारसा उरलेला नसायचा. घराच्या सगळ्या खिडक्या कायमच्या लावलेल्या. कवीला धूळ सोसत नव्हती, परागकण सोसत नव्हते, कबुतरांचा आवाज सोसत नव्हता. गॅलरीत एक वेल होता, तो कापडाचा. दर शनिवारी एक बाई येऊन त्याची पानं ओल्या फडक्याने पुसून जायची. कवी दार अर्धं उघडायचा, हात बाहेर काढून पाकीट आत घ्यायचा, आणि म्हणायचा, “तुम्ही छापखान्यातले ना?” अकरा पुस्तकं झाली, तरी ‘तुम्ही छापखान्यातले ना’. नदीवर ज्याने एकशे बारा विचार लिहिले, त्याने पायपुसण्यावर उभ्या माणसाला एकदाही पाणी विचारलं नाही.

१७ मे

*दारी आलेल्याला आधी पाणी विचारा. तो वाऱ्याचा भाऊ असतो.*

समासात, लाल शाईने: शंका नाही.

९ जून

*मध्यरात्री माथ्यावर आलेली, अमावास्येनंतरची पहिली नाजूक कोर.*

समासात: ही कोर दिवेलागणीलाच मावळते. मध्यरात्री माथ्यावर येत नाही.

निळी शाई: कवितेत येते.

तर अशी ही गंमत. मात्र गोष्ट घडली ती कवीने जे लिहिलं त्यामुळे नाही. घडली ती त्याने जे लिहिलं नाही त्यामुळे.

छापायची वेळ आली तेव्हा विचार आले होते तीनशे त्रेपन्न. बारा कमी. कवीचा निरोप आला की ते ‘उमलत आहेत’. आता पानांची मांडणी थांबवता येत नाही. जागा किती लागते, ओळ कुठे तुटते, हे बघायला काहीतरी मजकूर लागतो. अशा वेळी छापखान्याची जुनी रीत म्हणजे भरती. मुद्रितशोधकाने मापाचा काहीतरी मजकूर लिहून द्यायचा, शेवटी एक चांदणी टाकायची, आणि खरा मजकूर आला की चांदणीवाला काढून तिथे खरा बसवायचा. एरवी आंबटराव भरतीला ‘येथे मजकूर येईल, येथे मजकूर येईल’ असं लिहीत. पण त्या दिवशी कवीच्या जिन्यावर त्यांचा गुडघा दुखावला होता. शिवाय संगणकावर पानं लावणारी बाई समोर बसली होती, आणि तिला हसवायला त्यांना आवडायचं. आंबटरावांच्या विनोदांना हसणारं त्या इमारतीत तेवढंच एक माणूस होतं.

त्यांनी पाऊण तासात बारा विचार पाडले. सगळे कवीची टर उडवणारे. ‘नदी वाहते, कारण तिला तुमचं ऐकत बसायचं नसतं.’ ‘फुलपाखराच्या मागे धावू नका, त्याला काम असतं.’ असे. पानं लावणारी टेबलावर डोकं ठेवून हसली आणि तिने एकेक करून ते लावले. तेवीस सप्टेंबरला लागला तो असा:

*झाडाला तुमची दया नको असते. पाणी घाला आणि गप्प घरी जा.*★

पुढे कवीचे बारा उमलले. त्याने आपल्या हाताने त्यांच्यावर तारखा घातल्या, आणि त्यांतल्या दोनांवर बावीस सप्टेंबर घातली; तेवीस राहून गेली. पानं लावणारीने पहिला बावीसला लावला. दुसरा आला, त्यावरही बावीसच. तिला वाटलं सुधारून पाठवला असेल, म्हणून तो पहिल्याच्या जागी लावला. मग शेवटी, उरल्यासुरल्या चांदण्या काढून टाक, असं तिने यंत्राला एका फटक्यात सांगितलं. एकच उरली होती. गेली.

आंबटरावांनी शेवटचं प्रूफ डोळ्यांत तेल घालून वाचलं. त्यांची नजर चूक शोधत चालते. जिथे चूक नाही तिथे ती थांबत नाही. आणि स्वतःच्या वाक्यात त्यांनी उभ्या आयुष्यात चूक केली नव्हती. नजर तेवीस सप्टेंबरवरून अशी घसरत गेली की जणू तिथे काही लिहिलंच नव्हतं.

कॅलेंडर छापलं गेलं, विकलं गेलं, आणि ते वाक्य नऊ महिने गठ्ठ्याच्या पोटात आपली पाळी यायची वाट बघत पडून राहिलं.

भरती

आंबटराव आठ वर्षांचे असताना आई गेली. ताई तेव्हा एकोणीसची. तिने शिक्षण अर्धवट टाकलं, परिचारिका झाली, भावाला वाढवलं, लग्नाचं बघायचं राहूनच गेलं. चौतीस वर्षं तिने अशा वॉर्डात काढली जिथून माणसं सहसा घरी जात नाहीत. तिथल्या खणात मोज्यांच्या जोडीशेजारी कवीचं पुस्तक असायचं.

बावीस वर्षांच्या भावाने एकदा तिच्या हातात वही ठेवली. कविता. सव्वीस होत्या. ताई ड्यूटीवरून आलेली, पाय गरम पाण्यात, तशीच वाचत बसली. सगळी वाचली. मग म्हणाली, “छान आहेत रे. पण त्यांच्यासारख्या नाहीत.”

एवढंच. त्यात वाईट काहीच नव्हतं. तिने भावाला जेवायला वाढलं, डोक्यावर हात फिरवला. वही नंतर कुठे गेली ते कुणी विचारलं नाही. पण या माणसाचा सगळा आंबटपणा तिथून नासत आला आहे. त्याला जगाकडून काही नको होतं. ताईने एकदा, एका वाक्यापुरतं तरी, त्या दवबिंदूला बाजूला सारून त्याच्याकडे बघावं, एवढंच हवं होतं. छप्पन्न वर्षांचा झाला तरी हवं होतं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगणार कोण, आंबटराव?

२३ सप्टेंबर

सकाळचा चहा. ताईची खुर्ची खिडकीशी, कारण कंबरेचं हाड बदलल्यापासून ती फारशी उठत नसे. खिडकीत चार कुंड्या, हाताशी काठी, टेबलावर कॅलेंडर. दर सकाळी पान फाडायचं आणि मोठ्याने वाचायचं, हा तिचा नेम. आंबटराव समोर बसून पाव चहात बुडवायचे आणि नाक मुरडायचे, हा त्यांचा.

तिने पान फाडलं. वाचलं. थांबली. परत वाचलं, या वेळी हळू.

“झाडाला तुमची दया नको असते. पाणी घाला आणि गप्प घरी जा.”

आंबटरावांच्या घशात चहा अडकला. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, पाव कपात बुडाला.

“हसायला काय झालं?” ताई म्हणाली.

“काही नाही,” ते म्हणाले. “बरा लिहितो की तुझा कवी.”

ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. पान हातात धरून ती कुंड्यांकडे बघत होती. मग तिने टाचणी मागितली आणि पान खिडकीशेजारच्या भिंतीवर लावलं. त्या भिंतीवर आजवर दुसरं काही लागलं नव्हतं.

आता सांगायचं. लगेच, तिथेच सांगायचं. कुणीही शहाणा माणूस सांगून मोकळा झाला असता. पण आंबटरावांना मौज वाटली. तीस वर्षांनी पहिल्यांदा त्यांच्या हातात काहीतरी होतं आणि ताईला ते ठाऊक नव्हतं. थोडं चाखून बघू, म्हटलं त्यांनी. आज नाही, उद्या. उद्या नाही, परवा.

वाचकांची पत्रं (निवडक)

एका बागेच्या राखणदाराकडून: फाटकावर आपले वाक्य रंगवून घेतले आहे. लोक आता झाडांना मिठ्या मारीत नाहीत. आभार.

*समासात: ‘राखणदार’ बरोबर लिहिलं. कौतुक.*

एका मुख्याध्यापिकेकडून: आपल्या वाक्यावर आम्ही निबंधस्पर्धा घेतली. मुलांनी दहा दहा पानं लिहिली.

*समासात: म्हणजे कुणालाच कळलं नाही.*

एका गृहस्थाकडून: माझा मुलगा वर्षभर माझ्याशी बोलत नव्हता. मी दर रविवारी जाऊन त्याला उपदेश करीत असे. आपले पान वाचल्यावर मी फक्त डबा ठेवून परत आलो. तिसऱ्या रविवारी त्याने दार उघडले.

*समासात:*

(इथे लाल शाईने काही लिहिलेलं नाही.)

पत्रांचा असा ढीग झाला की मालकांची कळी खुलली. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या मुखपृष्ठावर तेच वाक्य, असं ठरलं. पानं लावणारीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने जिन्याखाली येऊन आंबटरावांना हात जोडले की काय झालं ते कुणाला कळू देऊ नका, चांदण्या मी काढल्या होत्या. आंबटराव म्हणाले, घाबरू नकोस, दवबिंदूला आपलं कुठलं आणि परक्याचं कुठलं हे कधीच कळलेलं नाही. तसंच झालं. मालकांनी फोनवर अभिनंदन केलं, तेव्हा कवी म्हणाला की त्या ओळीने त्याला फार रडवलं होतं.

घरी आंबटरावांचा रोजचा खेळ सुरू झाला. कुणी पाहुणा आला की ते म्हणत, ताई, ते पान वाचून दाखव की. ती वाचायची. ते कपाच्या आड तोंड लपवायचे. शेजारीण आली, वाच. चुलत भाऊ आला, वाच. कवीबद्दल ती काही चांगलं बोलली की हे पुढे सारायचे, “आणखी सांग, काय मन असेल नाही त्या माणसाचं!” आणि ताई भाबडेपणाने सांगायची. आयुष्यभर मरणाऱ्या माणसांची तोंडं वाचलेली बाई. तिला भावाचं वाचता आलं नाही, की तिने वाचायचं नाही असं ठरवलं होतं, कोण जाणे.

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी ती आपणहून बोलायला लागली. वॉर्डाबद्दल, घराबद्दल ती कधी बोलत नसे. आज भिंतीवरच्या पानाकडे बघत बोलली.

“आई गेली तेव्हा तू लहान होतास. गल्लीतल्या बायका यायच्या, गळ्यात पडून रडायच्या. त्यांना चहा करून देऊन माझे हात दुखायचे. एक बाई मात्र यायची, नळावरून दोन बादल्या भरून दाराशी ठेवायची आणि जायची. महिनाभर. एक शब्द बोलली नाही. मला तिचं नावसुद्धा ठाऊक नाही. हे ज्याने लिहिलंय ना, त्याने अशी बाई पाहिलेली असणार. नाहीतर तो स्वतःच तसा असणार.”

आंबटराव कपाच्या आड होते. कपात चहा नव्हता.

दुसऱ्या दिवशी जिन्याखाली त्यांनी ही गोष्ट पानं लावणारीला सांगितली. रंगवून सांगितली, ताईच्या आवाजाची नक्कल करून. दवबिंदूने कशा बादल्या वाहिल्या असतील ते हातवारे करून दाखवलं. पानं लावणारी हसली नाही. तिने विचारलं, “ताईंना अजून सांगितलं नाहीत तुम्ही?” आणि उत्तराची वाट न बघता वर गेली.

आंबटरावांना वाटलं, हिची विनोदबुद्धी आटली.

नोव्हेंबरातला शेवटचा रविवार

वाचनालयाच्या सभागृहात कवीचा सत्कार ठेवला. ताई म्हणाली मला न्यायचंच. आंबटरावांनी आढेवेढे घेतले, कंबर आठवून दिली, जिने मोजून दाखवले. ती म्हणाली, चाळीस वर्षं वाचते आहे, एकदा तरी बघू दे. शेवटी काठी, हात, गाडी असं करत दोघं दुसऱ्या रांगेत जाऊन बसली. कवी आला. व्यासपीठावर फुलांचा गुच्छ होता, तो त्याने शिंका येतात म्हणून टेबलाखाली ठेवायला लावला. मग त्याने त्या एका ओळीवर चाळीस मिनिटं भाषण केलं.

झाड म्हणजे अहंकार, म्हणाला. पाणी म्हणजे करुणा. घर म्हणजे ते अंतिम, ते अनादी. आणि ही ओळ त्याला सुचली एका पहाटे, नदीकाठी, अनवाणी. लोक मान डोलावत होते. मालक तर इतके डोलत होते की बाजूच्याला जागा पुरेना. आंबटरावांना आतून उकळ्या फुटत होत्या. गप्प घरी जा, यावर चाळीस मिनिटं न थांबता बोलणारा माणूस बघायला नशीब लागतं. त्यांनी ताईकडे चोरून पाहिलं. ती हसत नव्हती आणि डोलतही नव्हती. डॉक्टर नातेवाइकांशी बोलत असताना नर्स जशी पेशंटकडे बघते, तशी ती कवीकडे बघत होती.

सह्या घ्यायला रांग लागली. ताई काठी टेकत उभी राहिली. पाळी आल्यावर तिने वही पुढे केली नाही. तिने फक्त विचारलं की तुमच्या कुठल्याच पुस्तकात ‘गप्प’ हा शब्द नाही, तो इथे कसा आला?

कवीला प्रश्न आवडला. त्याने मान तिरकी केली.

“बरं झालं विचारलंत. तो शब्द माझा नव्हेच. छापखान्यातल्या कुणाचा तरी उपद्व्याप. मी मालकांना सांगितलं आहे, मुखपृष्ठावर आपण ‘मौनाने स्वगृही परता’ असं करतो आहोत.”

“आणि झाड कुठलं होतं?” ताईने विचारलं.

“बाई,” कवी दयाळूपणे म्हणाला, “झाड कुठलंच नसतं.”

ताईने नमस्कार केला आणि ती रांगेतून बाहेर पडली.

आंबटरावांच्या अंगाची लाही झाली होती. ‘मौनाने स्वगृही परता’! त्यांच्या वाक्याला पोटात सुरी लागल्यासारखं झालं. नऊ आठवडे ज्या वाक्याला ते टर म्हणत होते, ते अचानक पोटच्या पोरासारखं दुखायला लागलं. गाडीत बसेपर्यंत ते कसेबसे थांबले.

बोलली मात्र आधी ताईच. “हे त्यांनी लिहिलेलं नाही.”

“नाही,” आंबटराव म्हणाले.

“त्यांना गप्प घरी जाताच येत नाही. ते कसं लिहितील?” ती बाहेर बघत म्हणाली. “कुणी लिहिलं असेल रे?”

आला. तीस वर्षं ज्याची वाट बघितली तो क्षण असा, गाडीच्या मागच्या सीटवर, दुपारी सव्वाबाराला, सिग्नल लागलेला असताना आला. दवबिंदू बाजूला सरला होता. तिथली जागा मोकळी होती आणि ताई आपणहून विचारत होती.

“मी,” ते म्हणाले.

मग सगळं सांगितलं. भरती, चांदणी, बावीस तारीख. भरभर सांगितलं, शाळेतून पळत आलेल्या मुलासारखं. ताईने एकदाही तू खोटं बोलतोस असं म्हटलं नाही. तिला लगेच पटलं. आंबटरावांना एवढं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. त्यांच्याजवळ पुरावे तयार होते, ते तसेच राहिले.

सिग्नल सुटला. दोन गल्ल्या गेल्या.

“चांगलं आहे वाक्य,” ताई म्हणाली. “फार चांगलं आहे. तुझ्या हातून आलं याचं मला नवल नाही वाटत.”

बस. हेच. हे शब्द घेऊन हा माणूस तिथेच गाडीतून उतरला असता तर बरं झालं असतं. पण गाडी चालत होती, आणि ताईचं बोलणं संपलं नव्हतं.

“म्हणजे त्या सकाळी मी वाचलं तेव्हा तुला ठाऊक होतं.”

“हो.”

“शेजारणीला वाचायला लावलंस तेव्हा?”

“हो. अगं, गंमत—”

“बादल्यांचं सांगितलं तेव्हाही?”

आंबटराव खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, टायरचं दुकान होतं.

“हो,” ते म्हणाले.

यावर ताईने काय म्हणावं? ती चिडली असती तर आंबटरावांना उत्तर देता आलं असतं. चिडलेल्या माणसांना उत्तरं देण्यात त्यांची हयात गेली होती. रडली असती तर त्यांनी समजूत काढली असती, निदान टॅक्सीवाल्यासमोर नको म्हणाले असते. तिने दोन्ही केलं नाही. घरी आल्यावर तिने चपला काढल्या, काठी भिंतीला लावली, उभी राहिली आणि भिंतीवरचं पान काढलं. टाचणी काढून बशीत ठेवली. पान त्यांच्यासमोर धरलं.

“घे.”

“मला कशाला?”

“तुझं आहे.”

“ताई, पण तुला आवडतं ना ते?”

“आवडतं. पाठ आहे मला. कागद तुझा.”

ती स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला, मग नळाचा. आंबटराव हातात पान घेऊन खोलीच्या मधोमध उभे राहिले. ते वाक्य त्यांनी पहिल्यांदाच सावकाश वाचलं. त्यात चूक नव्हती. त्यांना एक शंका विचारायची होती, पण ती लिहायला समास सापडेना.

सोमवार

मुखपृष्ठाचं प्रूफ आलं. हिरव्या पार्श्वभूमीवर, मोठ्या अक्षरांत:

*वृक्षाला तुमची दया नको असते. त्याला जल अर्पण करा आणि मौनाने स्वगृही परता.*

आंबटरावांनी एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, लाल पेन उघडलं. पानं लावणारी जिन्यावर उभी होती. तिला वाटलं आता भडका उडणार, हे वर मालकांकडे जाणार आणि सगळंच बाहेर येणार.

त्यांनी कोपऱ्यात सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला.

“शंका नाही?” तिने विचारलं.

“नाही. आता ते त्याचंच आहे.”

तिने कागद घेतला. दोन पायऱ्या चढली आणि वळली. “ताईंना सांगितलंत ना?”

“सांगितलं.”

“काय म्हणाल्या?”

आंबटरावांनी पुढचा गठ्ठा ओढला. ती वाट बघत उभी राहिली. पूर्वी अशी उभी राहायची तेव्हा तिला पुढचा विनोद हवा असायचा.

“चांगलं आहे म्हणाली.”

“मग?”

“मग आज सकाळी पान फाडलं, मनातल्या मनात वाचलं आणि खणात ठेवलं. मी विचारलं काय लिहिलंय. म्हणाली, तुझ्या कामाचं काही नाही.”

पानं लावणारीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. “बरोबरच म्हणाल्या,” ती म्हणाली आणि वर गेली.